समुद्रात नसलेला जेलीफिश कागदावर कुठून येतो?

मागच्या पावसाळ्यात आईने मला एक फोटो पाठवला. काळ्याभोर पाण्यात तरंगणारा, काचेसारखा आरपार दिसणारा जेलीफिश आणि त्याच्या घुमटात उमललेलं कमळासारखं काहीतरी. खाली ओळ होती, ‘निसर्गाचा चमत्कार. पुढे पाठवा.’ आईने विचारलं, “अगं, असा खरंच असतो का?”

“नाही, हा संगणकाने तयार केलेला आहे,” मी लिहिलं.

“मग फोटो कुणी काढला?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता आलं. दुसऱ्याचं आलं नाही, आणि तेव्हापासून मी त्याच प्रश्नाभोवती फिरते आहे. अशा प्रतिमा आता फक्त फोनवर येत नाहीत. जगभरच्या कलादालनांत त्या कागदावर छापलेल्या दिसतात, भिंतीएवढ्या पडद्यांवर हलताना दिसतात. शेजारच्या पाटीवर ‘मिश्र माध्यम’, ‘न्यूरल नेटवर्क’, ‘सायनोटाइप’ असे शब्द असतात. ते वाचून माणूस गोंधळतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. मला ही चित्रं आवडतात, आणि त्यांच्यापुढे लोकांनी थोडं जास्त थांबावं असं मनापासून वाटतं. त्यासाठी आधी हे शब्द सोडवून घेऊ.

मिश्र माध्यम म्हणजे काय?

गणपतीची आरास आठवा. लाकडी चौरंग, त्यावर कापड, मागे पुठ्ठ्याचं मखर, खरी फुलं, कागदी फुलं आणि विजेच्या दिव्यांची माळ. यातलं प्रत्येक सामान वेगळ्या जातीचं, पण पाहणाऱ्याला दिसते ती एकच आरास. एकाहून जास्त प्रकारच्या साहित्यातून घडलेली कलाकृती म्हणजे मिश्र माध्यम.

यात आता डिजिटल प्रतिमेची भर पडली आहे. जपानमधल्या टीमलॅब या कलासमूहाचं २०१३ पासून ठिकठिकाणी मांडलं जाणारं एक मत्स्यालय याचं सर्वांत सोपं उदाहरण आहे. मुलं कागदावर खडूंनी मासा रंगवतात. तो कागद स्कॅन होतो आणि काही क्षणांत तोच मासा, त्याच वेड्यावाकड्या रेघांसकट, समोरच्या मोठ्या भिंतीवर इतरांच्या माशांमध्ये पोहू लागतो. हात लावला की पळून जातो. कागद, खडू, स्कॅनर, प्रोजेक्टर आणि मुलाचा हात अशा सगळ्यांचं मिळून ते काम आहे. यातला संगणक फक्त माशाला हलवतो, मासा मुलाचाच राहतो.

आईच्या फोटोतला जेलीफिश मात्र कुणी रंगवलेला नव्हता. तिथे पोचण्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी.

सगळ्यांना समुद्रातलेच जीव का हवे असतात?

कारण त्यांना पाण्याबाहेर आणता येत नाही. वाघाचं कातडं टिकतं, फुलपाखरू टाचणीला टोचून ठेवता येतं. जेलीफिशच्या शरीरात सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. वाळूवर आला की त्याचा गोळा होतो आणि स्पिरिटच्या बाटलीत ठेवला तर रंग उडून आकार ढासळतो. त्यामुळे तो इतरांना दाखवायचा तर दुसऱ्या कशातून तरी पुन्हा घडवावा लागतो, आणि प्रत्येक काळाने त्यासाठी आपल्या हाताशी असलेलं नव्यातलं नवं तंत्र वापरलं आहे.

जर्मनीत ड्रेस्डेनला लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी एकोणिसाव्या शतकात हजारो समुद्री जीव काचेचे घडवले. नुसत्या काचेवर ते थांबले नाहीत. तार, कागद, मेण, रंग, जे लागेल ते त्यांनी वापरलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने १८८५ मध्ये असे सुमारे ५७० नमुने शिकवण्यासाठी घेतले. ‘मिश्र माध्यम’ हा शब्दही तेव्हा कुणी वापरत नव्हतं.

अर्न्स्ट हेकेल या प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ ते १९०४ या काळात निसर्गातल्या आकारांची शंभर चित्रपत्रं प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका जेलीफिशला त्याने तरुण वयात गेलेल्या आपल्या बायकोचं, ॲना झेटेचं नाव दिलं होतं. लांब शुंडांचा तो जेलीफिश पाहिला की शास्त्र कुठे संपलं आणि दुःख कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. ही चित्रं दगडावरून छापणारा कारागीर होता अडॉल्फ गिल्च. त्याचं नाव लक्षात ठेवा, नावांचा विषय पुढे येणार आहे.

आणि त्याही आधी इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्सने समुद्री शेवाळांच्या निळ्या छापांचं पुस्तक केलं. त्याचा पहिला भाग १८४३ मध्ये निघाला. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं, आणि त्यात कॅमेरा मुळीच वापरलेला नाही. ते कसं, तेही पुढे सांगते.

यंत्र जेलीफिश ‘काढतं’ म्हणजे नक्की काय करतं?

आता मुख्य गाठ. आधी एकच व्याख्या देते. पुष्कळ उदाहरणं दाखवून ज्याला एखादी गोष्ट ओळखायला आणि घडवायला शिकवलं आहे, अशा आकडेमोडीच्या जाळ्याला न्यूरल नेटवर्क म्हणतात. पुढे मी त्याला नुसतं ‘यंत्र’ म्हणेन.

ते शिकवायची एक रीत इयन गुडफेलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडली. ती समजायला आंब्याचा बाजार पुरे. एक विक्रेता दुसराच आंबा देवगडचा हापूस म्हणून खपवू पाहतो आणि एक जाणत्या काकू तो ओळखू पाहतात. पहिल्या दिवशी विक्रेता कसलाही पिवळा आंबा पुढे करतो, काकू लांबूनच नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो आकार जुळवून आणतो, काकू वास घेऊन परत करतात. मग तो वासाकडे लक्ष देतो, काकू देठ तपासू लागतात. दोघंही रोज हुशार होत जातात. असं लाखो वेळा झालं की एक दिवस त्याच्या हातात असा आंबा असतो, जो काकूंनाही ओळखता येत नाही. पण तो कुठल्याही झाडाला लागलेला नसतो.

यंत्रात विक्रेता आणि काकू, दोघंही आकडेमोडच असतात. एक भाग जेलीफिशची चित्रं तयार करतो, दुसरा खऱ्या फोटोंशी ताडून त्यांना नाकारत राहतो. शेवटी उरतो तो झाडाला न लागलेल्या हापूससारखा, समुद्रात न जन्मलेला जेलीफिश.

आज फोनवर येणारी बहुतेक चित्रं आणखी वेगळ्या रीतीने होतात. जुन्या टीव्हीवर अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आठवतं? यंत्राला खरे फोटो देऊन त्यांवर थोड्या थोड्या मुंग्या पेरत जातात, आणि त्या मुंग्या झाडून मूळ चित्र कसं परत मिळवायचं हे त्याला शिकवतात. पुरेसं शिकल्यावर त्याला नुसत्या मुंग्यांनी भरलेला पडदा देऊन सांगायचं, ‘यात जेलीफिश आहे, शोध.’ मुळात तिथे काहीच नसतं. पण शिकलेल्या सवयीने ते एकेक थर झाडत जातं आणि छत्रीसारखा घुमट, खाली लोंबणारे धागे असं काहीतरी दिसू लागतं. ढगांत हत्ती पाहणाऱ्या मुलाला आधी हत्ती ठाऊक असावा लागतो, तसंच हे.

दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. यंत्राने समुद्र कधी पाहिलेला नाही. त्याने फक्त माणसांनी काढलेले फोटो पाहिले आहेत.

मग ते पुन्हा कागदावर का उतरवायचं?

सोफिया क्रेस्पो ही मूळची अर्जेंटिनाची कलाकार. न दिसलेले कीटक, जेलीफिश, वनस्पती यांच्या प्रतिमा ती यंत्राकडून घडवून घेते आणि त्यांतल्या काही सायनोटाइप या पावणेदोनशे वर्षांच्या जुन्या रीतीने कागदावर छापते. ॲटकिन्सचीच ही रीत. जॉन हर्शेलने ती १८४२ मध्ये शोधली. लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदाला लावायचे, अंधारात वाळवायचे, वर वस्तू ठेवून कागद उन्हात धरायचा. ऊन पडेल तिथे निळा रंग धरतो, सावली राहते तिथला लेप पाण्यात धुऊन जातो आणि कागद पांढरा उरतो. ॲटकिन्सने शेवाळच कागदावर ठेवलं, म्हणून कॅमेऱ्याची गरज पडली नाही. इमारतींच्या नकाशांना आपण ब्लूप्रिंट म्हणतो ते याच निळ्या छापांमुळे.

एका मैत्रिणीबरोबर मी हे गच्चीवर करून पाहिलं. मार्चमधलं दुपारचं ऊन होतं. शेवाळाच्या जागी आम्ही पारदर्शक फिल्मवर छापलेलं एक चित्र ठेवलं. दहा मिनिटांनी कागद करड्या रंगाचा झाला, बादलीत बुडवल्यावर पिवळट पाणी सुटलं आणि खालून निळा वर आला. वाळताना तो अजून गडद होत गेला. दुसऱ्या छापाच्या वेळी ढग आला, तर तो फिका निघाला. तिसऱ्यात माझ्या बोटाचा ठसा उमटला. पडद्यावर ज्याच्या एका सेकंदात हजार सारख्या प्रती निघाल्या असत्या, त्याच्या आमच्याकडे तीन प्रती झाल्या आणि तिन्ही वेगळ्या.

मला वाटतं, कलाकार कागदाकडे वळतात ते याचसाठी. डिजिटल प्रतिमेला वजन नसतं, वय नसतं. ऊन, पाणी आणि हात यांतून गेली की तिला ते मिळतं. शिवाय ॲटकिन्सच्या निळ्या छापाला लोक पुरावा मानतात, कारण तिथे खरी वस्तू कागदाला टेकली होती. त्याच निळ्यात कधीच नसलेला जीव दिसला, की पाहणारा अडखळतो. पुरावा कशाला म्हणायचं, असा प्रश्न कागदावरच उभा राहतो.

‘बटण दाबलं की चित्र तयार. यात कलाकार कुठे?’

हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकते, आणि तो पुष्कळदा बरोबरही असतो. आईच्या फोटोमागे कुणी एक ओळ टाइप करण्यापलीकडे काही केलं असेल असं मला वाटत नाही.

पण नियम देऊन आकार वाढवत नेणं ही काही संगणकाची मक्तेदारी नाही. क्रोशाचं विणकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. गोल रुमाल विणताना टाके बेताने वाढवले तर तो सपाट बसतो. प्रत्येक काही टाक्यांनंतर एक टाका जास्त घेत गेलात तर कडा झालरीसारखी वळू लागते. डायना टाइमिन्या या कॉर्नेलमधल्या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये याच युक्तीने भूमितीतला एक अवघड, वळणावळणांचा पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. प्रवाळ आणि काही समुद्री गोगलगाई नेमक्या असल्याच झालरी करतात. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसला यातूनच क्रोशाचं प्रवाळबेट विणायला घेतलं. लोकर, प्लास्टिकच्या पिशव्या, जुनी व्हिडिओ टेप, सगळं त्यात गेलं. विणणाऱ्या बाया मूळ नियम हळूहळू मोडत गेल्या आणि दर वेळी नवाच ‘जीव’ निघत गेला. २०१९ मध्ये ते व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडलं गेलं.

नियम कुणी ठरवला, तो कुठे मोडला, हजारांतलं कोणतं एक ठेवलं आणि कशावर उतरवलं, हे ज्याने ठरवलं तो कलाकार. त्यातलं काहीच ठरवलं नसेल, तर ते फक्त एक चित्र आहे. पाहताना हा फरक करता येतो, आणि तो करावा.

‘पण ते फोटो कुणाचे होते?’

आईच्या प्रश्नावर परत येते. स्टेबल डिफ्यूजन हे २०२२ मध्ये खुलं झालेलं चित्रं घडवणारं यंत्र ज्या साठ्यातल्या निवडक भागांवर शिकलं, त्या पूर्ण साठ्यात इंटरनेटवरून गोळा केलेल्या प्रतिमांचे ५८५ कोटी दुवे होते, प्रत्येकाला त्याच्या वर्णनाची ओळ जोडलेली. त्यातले जेलीफिश कुणीतरी पाण्यात उतरून टिपले होते. थंड पाण्यात अर्धा अर्धा तास श्वास सांभाळत थांबलेले पाणबुडे, किनाऱ्यावर गुडघे टेकून बसलेले हौशी अभ्यासक, संशोधनाच्या जहाजांवरचे लोक. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांची नावं चित्राखाली येत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तीन चित्रकारांनी याच कारणासाठी अशी यंत्रं चालवणाऱ्या कंपन्यांवर खटला भरला.

यंत्राची बाजू घेणारे म्हणतात, की माणूसही इतरांची चित्रं पाहूनच शिकतो, आणि यंत्र काही फोटो साठवून ठेवत नाही, त्यांतून आकड्यांची सवय तेवढी उचलतं. दुसरी गोष्ट बहुतांशी खरी आहे. साठ्यात वारंवार आलेला एखादा फोटो जवळपास जसाच्या तसा बाहेर पडल्याचं संशोधकांनी दाखवलं आहे, पण तो अपवाद. पहिली गोष्ट मला पटत नाही. शिकणारा माणूस आपल्या गुरूचं नाव सांगतो. आपल्याकडे गायक मैफलीत घराणं सांगतो, बंदिश कुणाची ते सांगतो. क्रोशाच्या प्रवाळबेटात हजारो लोकांचा हात आहे, आणि प्रदर्शनात विणणाऱ्यांची नावं लावली जातात. हजारो नावं लिहिणं अशक्य आहे असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला ती नावं आठवतात. आणि हेकेलच्या चित्रांपाशी नेहमी विसरला जाणारा तो गिल्चही.

काही कलाकार यावर वेगळी वाट काढतात. आपला साठा आपणच जमवतात, स्वतः काढलेले फोटो वापरतात, संग्रहालयांचे खुले संग्रह घेतात आणि ते कुठून आले हे कामाबरोबर सांगतात. यात वेळ जातो, प्रतिमाही कमी ‘चकचकीत’ येतात. तरीही मला हीच कामं जास्त जवळची वाटतात.

‘खोट्या जिवांच्या गर्दीत खरे हरवले तर?’

ही भीती मला सर्वांत मोठी वाटते. दर पावसाळ्यात मुंबईत जुहूच्या आणि गिरगावच्या वाळूवर निळे फुगे येऊन पडतात. लोक त्यांना जेलीफिश म्हणतात. ते ब्लूबॉटल असतात, जेलीफिशच नव्हेत. तो एक प्राणीही नाही. तरंगणारा, पकडणारा, पचवणारा, प्रजनन करणारा अशा वेगवेगळ्या छोट्या जिवांची ती एकत्र राहणारी वसाहत असते. कुठल्याही कमळवाल्या चमत्कारापेक्षा हे जास्त चमत्कारिक आहे. पण इंटरनेटवर ब्लूबॉटलच्या फोटोखाली कुणी ‘जेलीफिश’ लिहिलं असेल, तर यंत्र तेच शिकतं आणि दोन्हींची सरमिसळ करून आपल्यापुढे ठेवतं. ती सरमिसळ पुन्हा इंटरनेटवर जाते.

त्यात साठ्याला भोकं आहेत. जिथे पर्यटक आणि कॅमेरे पोचतात, तिथले प्रवाळ हजारो कोनांतून टिपलेले असतात. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत अरबी समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे, तिथेही प्रवाळ आहेत, पण तिथे शनिवार-रविवारी कुणी सहलीला जात नाही. खोल समुद्राचं तर विचारूच नका. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार खोल समुद्राच्या तळापैकी माणसाने प्रत्यक्ष पाहिलेला भाग ०.००१ टक्क्याहूनही कमी आहे. जे कुणी टिपलंच नाही ते यंत्राच्या समुद्रात नाही. ‘अनंत कल्पनाशक्ती’ म्हणून जे दाखवलं जातं, ते आपण आधीच पाहिलेल्या एका लहानशा तुकड्याचं ढवळणं असतं.

रेफिक अनादोल या तुर्की-अमेरिकी कलाकाराने जानेवारी २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोसला प्रवाळांच्या सुमारे १० कोटी प्रतिमांवर शिकवलेल्या यंत्राकडून भिंतभर हलणारे प्रवाळ दाखवले. पाहणारे थक्क झाले. त्याच महिन्यापासून मोजली गेलेली प्रवाळांची चौथी जागतिक विरंजन-लाट पुढे जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्रांपर्यंत पोचली. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या आत राहणारी शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. म्हणजे रंगांनी पडदा फुलत होता आणि ज्यांचे ते फोटो, ते पाण्याखाली रंग गमावत होते. अशा कामाने समुद्र वाचतो का? थेट नाही. यंत्रं चालवायला वीज लागते, तीही मोजायला हवी. पण जे कधी पाण्याखाली जाणार नाहीत, अशा लोकांना ते प्रवाळापुढे उभं करतं. ते किती मोलाचं आहे, हे त्या भिंतीशेजारी खऱ्या प्रवाळाबद्दल काय लिहिलं आहे यावर ठरतं. काहीच लिहिलं नसेल, तर मी ते अपुरं काम मानते.

म्हणून आता कुठेही असं चित्र दिसलं की मी आधी पाटीपाशी जाते. प्रतिमा कुठून आल्या, त्या कुणी काढल्या, छाप कशावर आणि कसा घेतला, हा जीव खरा की रचलेला, हे शोधते. चार ओळींची जागा पुरते. आईच्या फोटोखाली यातलं काहीच नव्हतं, फक्त ‘पुढे पाठवा’ होतं.

परवा मी तिला दुसरा फोटो पाठवला. जुहूच्या ओल्या वाळूवर पडलेला, अंगठ्याएवढा निळा फुगा आणि त्याची गुंतलेली निळी दोरी. खाली ठिकाण, तारीख आणि काढणाऱ्याचं नाव होतं. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, “हा मेलेला दिसतोय. उचलून बघितला तर चालेल?”

मी लगेच फोन लावला. मेल्यावरही तो डंख मारतो.